‘बेस्ट ऑपरेटर’ स्कीम चालू केली आणि रिजेक्शन वाढलं, काय करू?

शॉपफ्लोअर_भोसरी: आमचं भोसरीत १४ जणांचं मशीन शॉप आहे, मी प्रॉडक्शन बघतो. चार महिन्यांपूर्वी मालकांच्या मागे लागून स्कीम चालू केली, महिन्यात ज्याचे सगळ्यात जास्त पीस त्याला २००० रुपये आणि बोर्डावर फोटो. पहिला महिना मस्त गेला. आता जुना सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा), जो नवीन पोरांच्या शेजारी उभं राहून ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, कशी द्यायची ते दाखवायचा, तो ‘बघ तुझं तू’ म्हणतो, चांगले इन्सर्ट (टूलची बदलायची धारदार टोकं) लोक ड्रॉवरमध्ये लपवून ठेवतात, आणि शिफ्ट सुटताना टूल झिजलंय हे पुढच्याला कोणी सांगतच नाही, मग त्याचे पहिले दहा-पंधरा पीस बाद. पोरं वाईट नाहीयेत हो, कळत नाही कुठं चुकलं. बक्षीस वाढवू का?

एचआरवाली_नाशिक: वाढवू नका दादा. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्गकडच्या साधारण २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून मांडलं होतं की पगार, साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण ते नीट केलं म्हणून काम आवडायला लागतं असं नाही, त्याला जबाबदारी लागते, काहीतरी जमल्याचं समाधान लागतं. यावर टीकाही झालीय (चांगलं झालं की मी केलं, वाईट झालं की कंपनीमुळे, असं माणूस सांगतोच), तरी मला ते रोज दिसतं. तुमचा सेटर शिकवायचा ते कुणी पैसे देत होतं म्हणून नाही ना?

टूलरूम_सांगली: ताई पटलं, पण १६-१७ हजार पगारावर २००० म्हणजे पोराची ट्यूशन फी आहे, ते एकदम काढून घेतलं तर अजून भडकतील. मला वेगळीच शंका येतेय, तुमच्याकडे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आहेत का? असतील तर तिथला सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, मोठा, टर्निंगवाल्याचा (लेथवाल्याचा) दोन मिनिटांचा, मग पीस मोजून व्हीएमसीवाला जन्मात जिंकणार नाही. व्रूम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ ला हेच सांगितलं, कष्ट केले तर आपल्याला मिळेल असं वाटलंच नाही तर बक्षीस कितीही मोठं ठेवा, माणूस हलत नाही. तेच पैसे अख्ख्या शिफ्टला द्या, आणि मोजायचेच तर फक्त ओके पीस मोजा, पुढच्या शिफ्टचा पहिला तासही त्यात धरा म्हणजे टूलचं आपोआप सांगतील.

एचआरवाली_नाशिक: हो, एकदम बंद नको हे मान्य. मानसशास्त्रज्ञ डेसीच्या १९७१ च्या प्रयोगात कॉलेजच्या पोरांना कोडी सोडवायचे पैसे दिले आणि मग थांबवले, तर मोकळ्या वेळेत ती कोडी हातात घेणं कमी झालं. पण सेटरशी आधी बोला, बाकी सगळं नंतर.

शॉपफ्लोअर_भोसरी: व्हीएमसी दोन आहेत आणि खरंच त्यातलं कोणी एकदाही जिंकलेलं नाही, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल सेकंड शिफ्टला सेटरसोबत चहा घेतला. तो म्हणाला, साहेब मी शिकवायला गेलो की माझं मशीन थांबतं, गेल्या महिन्यात मी ज्याला शिकवलं त्याचाच फोटो बोर्डावर लागला. मला काय बोलावं सुचेना. या महिन्यापासून शिफ्टचा बोनस करतोय, मालक तयार झालेत. पण शिकवण्यात गेलेला त्याचा वेळ कसा धरायचा? कोणी वेगळा भत्ता देतं का, की शिकवायच्या दिवशी त्याला मशीनच द्यायचं नाही?