बँजो पार्टीच्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर कसं घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, आमची छोटी बँजो पार्टी आहे, गणपती तोंडावर आलेत आणि सगळ्यांना घरी ऐकायला प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग पाहिजे. मोबाईलवर करून बघितलं पण ढोलकीची थाप जोरात पडली की फोन आपोआप आवाज खाली खेचतो, बँजो गायबच.

मग मिक्सरच्या रेक आऊटमधून, त्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतात ना, तिथून वायर काढून लॅपटॉपला दिली तर लॅपटॉपला हेडफोन-माईकचं एकच भोक, ते माईक लेव्हलचं (माईकच्या बारीक सिग्नलसाठीचं) आणि वर मोनो, म्हणून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या लाटा वरून सपाट कापलेल्या दिसतात. लाइन इनवाला, म्हणजे मिक्सरचा मोठा सिग्नल यूएसबीतून लॅपटॉपला देणारा स्वस्त यूएसबी इंटरफेस घेतला तर हे सुटेल का? पण प्रॅक्टिसला ढोलकी-ताशाला आम्ही माईक लावतच नाही, म्हणजे मिक्सरमधून फक्त बँजो, कीबोर्ड नि ऑक्टापॅड येणार. त्यापेक्षा हँडी रेकॉर्डर खोलीत ठेवून कार्ड लॅपटॉपला लावलेलं बरं का? खोली जाम घुमते मात्र.

अजून एक, वेव्ह फाईल मिनिटाला 10 एमबी खाते, दोन तासांचे 1200 एमबी कोणाला पाठवणार, 192 केबीपीएसची एमपी3 केली तर ताशाची तर्री (जलद कडकडाट) नीट ऐकू येईल ना? बजेट 3000, वर्गणीचे पैसे आहेत, त्या हिशोबाने सांगा.