डक्टची गळती चाचणी नापास होतेय, बाहेरून सिलिकॉन मारूनही

लॉकवाला:
एसीची थंड हवा खोल्यांकडे नेणारी, म्हणजे सप्लायची लाइन आहे. डक्ट १००० × ५०० मिमी, लांबी २४ मीटर, जीआय पत्रा ०.८ मिमी, तुकडे १.२ मीटरचे. लांबीला पिट्सबर्ग लॉक (एका कडेच्या खिशात दुसरी कड घालून ठोकलेली शिवण), जोडांना टीडीएफ फ्लँज (पत्र्याचीच कड दुमडून केलेली). गळतीचा वर्ग क्लास बी, चाचणीचा दाब ५०० पास्कल. चालेल अशी गळती ३७ लिटर प्रति सेकंद आणि मोजल्यावर येतात ९५. सगळ्या फ्लँजवर बाहेरून सिलिकॉन फिरवलं, तरी ८० च्या खाली येत नाही. जोड न उघडता काही करता येईल का?

मॅनोमीटर:
हिशोब बरोबर आहे. घेर ३ मीटर, लांबी २४, म्हणजे ७२ चौरस मीटर पत्रा, आणि क्लास बीला ५०० पास्कलवर चौरस मीटरमागे सेकंदाला ०.५१ लिटर. पण डक्टला हात लावण्याआधी चाचणीचा संच, म्हणजे ब्लोअर, होज आणि मीटर, तपासा. डक्टकडे जाणाऱ्या होजचं तोंड बंद करून ५०० पास्कल चढवा. प्रवाह जवळपास शून्य दिसला पाहिजे, नाही दिसला तर होजचा क्लॅम्प किंवा ट्यूब गळतेय.

मग टोकं बघा. अर्ध्या चौरस मीटरच्या तोंडावर ५०० पास्कल म्हणजे २५० न्यूटन, साधारण २५ किलोचा रेटा. प्लास्टिक आणि टेप तिथे टिकत नाही, कडेने उचकटतं, आणि ती गळती डक्टच्या नावावर जाते. पत्र्याचं झाकण, गॅसकेट (फ्लँजमधली मऊ पट्टी), बोल्ट, क्लीट (दोन फ्लँज एकत्र धरणारी पत्र्याची क्लिप), सगळं जोडासारखंच लावा.

एवढं करूनही आकडा तोच राहिला तर मधला एकच जोड उघडून त्यात पत्र्याचं ब्लँक, म्हणजे आडवं झाकण, घाला आणि दोन्ही भाग वेगवेगळे तपासा. एकीकडे १५ आणि दुसरीकडे ६५ आले तर कुठेतरी मोठं भोक आहे. दोन्हीकडे ४० आले तर प्रत्येक जोडात तीच चूक आहे. काही जण अर्ध्या दाबावर मोजून आकडा दुप्पट करतात, ते चुकीचं. दाब निम्मा केला तरी गळती ६४ टक्के उरते.

कोपरा_पक्का:
माझा संशय कोपऱ्यांवर. टीडीएफमध्ये फ्लँज पत्र्यालाच रोल होते, पण कोपऱ्यात लॉकसाठी नॉच (पत्र्याला खाच) घ्यावाच लागतो, म्हणून तिथे फ्लँज सलग नसते. कॉर्नर पीस (कोपऱ्यात बसणारा बोल्टचा तुकडा) ठोकला की बाहेरून सगळं बंद दिसतं, हवा मात्र त्याच्या मागून नॉचमधून निघते. जोडाला अशा आठ जागा, चार या तुकड्याच्या, चार त्या. वरून सिलिकॉन फिरवून ही वाट बुजत नाही, हवा फ्लँजच्या आतून सरकत पुढच्या फटीतून बाहेर पडते.

पुढच्या लाइनला पिट्सबर्ग लॉक बंद करण्याआधी त्याच्या खिशात सीलंटची धार सोडा, कॉर्नर बसवण्याआधी नॉचमध्ये आणि फ्लँजच्या मुळाशी सीलंट भरा. गॅसकेटची पट्टी कोपऱ्यातून सलग वळवा. पट्टीला जोड द्यायचाच असेल तर सरळ बाजूवर, एकावर एक चढवून. चारही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून आवळायचे. एकच कोपरा पूर्ण आवळला की समोरची बाजू उघडी पडते, मग क्लीट कितीही ठोका. पहिला क्लीट कोपऱ्यापासून १५० मिमीच्या आत, पुढचे ३०० ते ३८० मिमीवर.

लॉकवाला:
होजचं तोंड बंद करून संच तपासला, प्रवाह शून्य. दोन्ही भागांत जवळपास सारखी गळती आहे. म्हणजे कोपरेच?

मॅनोमीटर:
बहुतेक तेच. तरी डॅम्परचा (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) शाफ्ट, अॅक्सेस डोअरची (तपासणीच्या दाराची) कड आणि ब्रँचच्या, म्हणजे फाट्याच्या, कॉलरचा गळा आधी हाताने चाचपून घ्या. साबणाचं पाणी बारीक गळतीसाठीच. मोठ्या फटीवर बुडबुडा धरतच नाही, पाणी उडून जातं, आणि माणूस म्हणतो जागा ठीक आहे.

कोपरा_पक्का:
जोड न उघडता करायचं तर आतून करा. अॅक्सेस डोअरमधून किंवा टोकाकडून हात पोचेल तिथवर नॉचमध्ये ब्रशने डक्ट सीलंट भरा. पोचत नसेल तिथे तेवढा जोड उघडाच. आधी पत्र्यावरचं रोलिंगचं तेल सॉल्व्हंटने पुसा, नाहीतर सीलंट सुकून सालीसारखं निघेल. फट ३ मिमीपेक्षा मोठी असेल तर फायबरची जाळीपट्टी घालून वर दुसरा हात द्या.

बाहेरून परत काही मारणार असाल तर जुनं सिलिकॉन खरवडून काढावंच लागेल, त्यावर दुसरं सीलंट धरत नाही. आणि चाचणीचा ब्लोअर चालू ठेवून सीलंट लावू नका. आतली हवा ओल्या थरात सुईएवढी भोकं पाडते आणि ती तशीच वाळतात. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, गार आणि दमट हवेत त्याहून जास्त. इन्सुलेशन चाचणी पास झाल्यावरच चढवा.