सास्काटून बेरी घालून घरी बॅनक करायचाय, लार्डऐवजी तूप चालेल का?

प्रेरीवासी:
नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात सास्काटूनला राहतो, जुलैमध्ये यू-पिक (आपणच तोडून घ्यायच्या) फार्मवरून भरपूर सास्काटून बेरी (ब्लूबेरीसारखी जांभळी फळं) आणल्या आणि फ्रीझरमध्ये टाकल्यात. ऑफिसमधली माझी क्री (इथल्या मूळनिवासी समाजातली) मैत्रीण डब्यात बॅनक (त्यांचा जाड, बिनयीस्टचा ब्रेड) आणते, वरून खरपूस आणि आतून इतका मऊ की नुसत्या लोण्याबरोबर कधी संपतो कळतच नाही. तिची आजी लार्ड (डुकराची चरबी) घालते, आमच्या घरात ते चालत नाही. तुपात होईल का? आणि बेरींचा रंग सुटून पीठ निळं-करडं होतं म्हणे, त्याला काय करायचं? मोजमाप पण सांगा प्लीज, तिच्याकडे सगळं अंदाजपंचे.

एडमंटनची_ताई:
तुपात मस्त होतो. फक्त तूप थिजलेलं हवं, शंकरपाळ्यांना घालतो तसं कडकडीत मोहन इथे नको. ३ कप मैदा, १ टेबलस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ, हवी तर थोडी साखर, त्यात पाव कप गार तूप बोटांच्या टोकांनी चोळायचं, मग एक ते सव्वा कप पाणी, पण एकदम ओतू नका, पीठ जेमतेम गोळा झालं की थांबायचं. आपला हात कणीक तिंबायला सवकलेला असतो ना, तो इथे आवरायचा!! कॅनडातल्या मैद्यात प्रोटीन जास्त, मळत बसलात की बॅनक वातड होणार. गोळा ओबडधोबड दिसला पाहिजे.

बेरी १ कप पुरे. फ्रीझरमधून काढल्या काढल्या, वितळू न देता, चमचाभर मैद्यात घोळवून अगदी शेवटी घाला आणि हलक्या हाताने दोन-तीनदाच खालीवर करा, रंग फारसा सुटत नाही. इंचभर जाड थापा, काट्याने टोचा, ४०० फॅरेनहाइटला २५-३० मिनिटं, गोठलेल्या बेरी असल्या की पाचेक मिनिटं जास्त. बिडाचं पॅन असेल तर तेच घ्या, खालची बाजू काय सुरेख कुरकुरीत होते!

रेजायनाकर:
रेसिपी वर आलीच आहे, मला जरा वेगळं सांगायचंय. बॅनक हा प्रकार इकडे आणला फर व्यापारातल्या स्कॉटिश लोकांनी. पुढे १८७० च्या दशकात प्रेरीवरचे (इथल्या गवताळ मैदानांवरचे) बायसन (रानगवे) संपत आले, १८७६ ला ट्रीटी ६ (क्री आणि इतर मूळनिवासींचा ब्रिटिश राजसत्तेशी जमिनीचा करार) झाली, मूळनिवासी लोक रिझर्व्हवर (त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनींवर) गेले आणि शिकारीच्या जागी रेशनचं पीठ आणि चरबी आली, त्यातूनच घराघरात बॅनक रुजला. त्यामुळे काहींना तो आजीच्या हातचा म्हणून जीव की प्राण, तर काहींना त्या उपासमारीची आठवण. बेरी मात्र मूळनिवासींच्या फार पूर्वीपासूनच्या, वाळवून ठेवायचे, बायसनचं सुकं मांस आणि चरबीबरोबर पेमिकनमध्ये (टिकाऊ शिदोरीत) घालायचे. क्री, मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज), प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते, तेव्हा मैत्रिणीच्या आजीला नक्की विचारा. आणि पाहुण्यांना वाढताना हा कुणाचा पदार्थ ते आवर्जून सांगा, नुसता बेरी ब्रेड म्हणू नका.

प्रेरीवासी:
हे काहीच माहीत नव्हतं, खूप थँक्यू दोघांना. आजींना विचारतेच. ताई, पाहुणे संध्याकाळी येणारेत, सकाळीच पीठ भिजवून ठेवलं तर?

एडमंटनची_ताई:
नको गं, पाणी लागलं की बेकिंग पावडर लगेच कामाला लागते, संध्याकाळपर्यंत जोर जातो आणि मग बॅनक दडस होतो. तूप चोळलेलं कोरडं पीठ फ्रीजमध्ये ठेव, पाहुणे आले की ओव्हन लाव आणि मगच पाणी घाल. गरमच वाढ.