मँगोस्टीनच्या पानांची टोकं करपतायत, मदत हवी आहे (तातडीचं)

गच्चीतली_माती | १४ मार्च, रात्री १०:२०
नमस्कार. मँगोस्टीनचं रोप आहे, आणून दोन वर्षं झाली. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत चालली आहेत. आधी खालच्या दोन पानांना होतं, आता वरच्या जोडीलाही लागलंय. पाणी वेळच्या वेळी घालते, खत घालते, एप्सम सॉल्ट घालून झालं, कडुनिंबाचं तेल फवारून झालं. काडीचा फरक नाही. दोन वर्षांत एवढंसं वाढलंय, त्यात हे. ज्यांनी मँगोस्टीन लावलंय त्यांनी नेमकं काय करायचं ते सांगा. हे रोप मला घालवायचं नाही.

बागवेडा | १४ मार्च, रात्री १०:४१
करपा. डोळे मिटून सांगतो. बाविस्टीन हे बुरशीनाशक १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. माझ्या डाळिंबांवर असंच आलं होतं, दुसऱ्या फवारणीला थांबलं.

डेक्कन_ट्रॅप | १४ मार्च, रात्री ११:०५
फवारणी करण्याआधी जरा थांबा. करप्याचे ठिपके पानभर कुठेही येतात, बऱ्याचदा त्यांच्याभोवती पिवळी कड असते. तुमच्याकडे टोकापासून सुरू होऊन कडेकडेने आत येतंय का? आणि बाकीचं काहीच सांगितलं नाहीत. गाव कुठलं? जमिनीत की कुंडीत? ऊन किती? माती कसली? पाणी कुठलं?

गच्चीतली_माती | १४ मार्च, रात्री ११:१२
पुणे. गच्चीवर, १२ इंची ग्रोबॅगमध्ये. ऊन भरपूर. माती नर्सरीची, अधिक कोकोपीट, अधिक गांडूळखत. पाणी साधंच. हो, टोकापासूनच सुरू होतंय. आता उपाय सांगा.

शेवग्याची_शेंग | १५ मार्च, सकाळी ६:५०
ताई, आंबट ताक घाला. एक वाटी ताक, दहा वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा. जोडीला चुलीतली किंवा होमाची राख चमचाभर. माझ्या आईने यावर कढीपत्ता पस्तीस वर्षं सांभाळला. रसायनांच्या मागे लागू नका.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, सकाळी ८:१५
राख अजिबात घालू नका. राख अल्कधर्मी असते आणि मँगोस्टीनला आम्ल माती लागते. पुण्याची बेसाल्टची माती आणि बोअरचं पाणी आधीच त्या बाजूला झुकलेलं, त्यात राख म्हणजे आगीत तेल. अंड्याची टरफलंही नकोत. ताकाने निदान इजा होणार नाही, पण त्याचा आंबटपणा मातीत टिकत नाही.

शेवग्याची_शेंग | १५ मार्च, सकाळी ८:३२
पस्तीस वर्षांचा अनुभव सांगितला मी. कढीपत्ता अजून उभा आहे.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, सकाळी ८:४०
कढीपत्त्याबद्दल वाद नाही. तो काळ्या मातीतही तग धरतो. मँगोस्टीन हे मलायाच्या पावसाळी जंगलाकडचं झाड, त्याच्या गरजा वेगळ्या.

पोफळीची_सावली | १५ मार्च, सकाळी ९:२०
आमचं फोंड्याला कुळागर आहे, म्हणजे पोफळीची मिश्र बाग. मँगोस्टीन पोफळीच्या सावलीत आहे, खाली मिरी, जायफळ, बाजूने पाट वाहतो. पहिली चार वर्षं आम्ही त्याच्यावर थेट ऊन पडू दिलं नाही. तुम्ही लहान रोप पुण्याच्या गच्चीवर भरपूर उन्हात ठेवलंय, मार्चात. दुपारची कोरडी हवा, तापलेली फरशी. आधी ते तिथून हलवा. नाहीतर निदान ५० टक्क्यांची शेडनेट बांधा आणि पिशवीच्या चारी बाजूंना दुसऱ्या कुंड्या लावा, म्हणजे आसपास थोडा दमटपणा राहील.

रातांबा | १५ मार्च, सकाळी ११:००
मला एक मनापासून विचारायचंय. मँगोस्टीन आणि आपलं कोकम एकाच गार्सिनिया कुळीतले सख्खे भाऊ. कोकम आपल्या सह्याद्रीतलं, इथल्या हवेत वाढलेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोंकण अमृता, कोंकण हातिस अशा चांगल्या जाती दिल्या आहेत. तरी लोक हजारभर रुपये देऊन परक्या फळाचं रोप आणतात आणि रातांब्याला विचारत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे झाडाखाली पडून पावसात कुजतात, तोडायला माणूस मिळत नाही. हे बघवत नाही.

कुंडीवाली | १५ मार्च, सकाळी ११:३०
पटतं, पण कोकमाच्या बियांची निम्मी रोपं नर निघतात. मी सहा वर्षं वाढवलं, फुलं आली आणि कळलं की नर आहे. ताईंनी मँगोस्टीनचंही आधी तपासावं. बीपासूनचं असेल तर नर असू शकतं.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी १२:०५
नाही, हे इथेच दुरुस्त करूया, नाहीतर कोणीतरी चांगलं रोप उपटून टाकेल. मँगोस्टीनच्या लागवडीत नर झाडं आढळत नाहीत. बी परागीकरणाशिवायच तयार होतं, म्हणून बीपासूनचं रोप हुबेहूब आईसारखं असतं. नर-मादीचा घोळ कोकमात आहे आणि रांबुटानमध्ये आहे. रांबुटान घ्यायचं तर एन १८ सारखं कलमच घ्यावं. मँगोस्टीनला बी चालतं, फक्त ते ओलं असतानाच पेरावं लागतं. सुकलं की संपलं.

रातांबा | १५ मार्च, दुपारी १२:४०
मी कोकमाच्या खुंटावर मँगोस्टीनचं कलम करून पाहिलंय, तीन वेळा. दोन जगलीच नाहीत. तिसऱ्याला पालवी फुटली, दीड वर्षाने सांध्यापाशी सुकलं. आणि कलमासाठी काडी घेताना सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच घ्यावी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जन्मभर आडवंच पसरतं. कोकमातही तेच.

चांगीची_पहाट | १५ मार्च, दुपारी १:१५
सिंगापूरहून लिहितेय. इथे ड्युरियन फळांचा राजा आणि मँगोस्टीन राणी. घेताना फळ उलटं करून बघा. बुडाशी फुलासारखी नक्षी असते, तिच्या पाकळ्या मोजा. जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. पाकळ्या जास्त तर फोडी जास्त पण लहान, आणि बहुतेक बिनबियांच्या. साल दाबून बघा, दगडासारखी लागली तर घेऊ नका. आणि सालीचा जांभळा रस कपड्यावर पडला तर जात नाही.

गच्चीतली_माती | १५ मार्च, दुपारी १:३०
तुम्ही सगळे एवढं लिहिताय, आभार मानते. पण मला फळ निवडायचं नाहीये, टोकं का जळतात ते हवंय. आज आणखी एका पानाला लागलं. शेडनेट आजच आणते. बाकी काय?

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी १:४५
काल विचारलेलंच परत विचारतो. पाणी कुठलं? "साधं" म्हणजे?

गच्चीतली_माती | १५ मार्च, दुपारी १:५२
सोसायटीचं.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी १:५५
सोसायटीला कुठून येतं? आणि थेट नळाचंच घालता का?

गच्चीतली_माती | १५ मार्च, दुपारी २:१०
बोअर आणि टँकर एकाच टाकीत येतं. नळाचं नाही घालत. स्वयंपाकघरातल्या आरओची जी बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते, तिच्याखाली मी बादली लावते. इतकं पाणी वाहून जातं ते बघवत नाही. गच्चीतली सगळी झाडं त्यावरच आहेत. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता सगळे छान आहेत.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी २:३०
सापडलं. आरओ शुद्ध पाणी एका बाजूला काढतो आणि उरलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटून बाहेर सोडतो. म्हणजे बोअरचं जड पाणी आणखी जड करून तुम्ही रोज घालताय. जास्वंद सोसते. मँगोस्टीन क्षारांच्या बाबतीत फार हळवं. झाड पाणी ओढतं, पाणी पानांतून उडून जातं, क्षार टोकाशी साठतात आणि टोक जळतं. म्हणून आधी जुनी पानं, आधी टोकं. वरून एप्सम सॉल्ट, तोही क्षारच. खत कुठलं देता? कोकोपीट धुऊन घेतलं होतं का?

गच्चीतली_माती | १५ मार्च, दुपारी २:४४
१९:१९:१९, दर आठवड्याला एक चमचा. कोकोपीटची वीट भिजवली आणि तशीच मिसळली. धुवायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी २:५८
कोकोपीटमध्ये स्वतःचं मीठ असतं, दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावं लागतं. खत आजपासून बंद. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा टीडीएस मीटर मिळतो का बघा, दोनेकशे रुपयांत येतो.

बागवेडा | १५ मार्च, दुपारी ३:२०
मग आजच पिशवी फाडून सगळी माती झटकून नव्या मातीत लावा. मुळं धुऊन घ्या. विषय संपला.

पोफळीची_सावली | १५ मार्च, दुपारी ३:३५
मुळांना हात लावू नका!! मँगोस्टीनला सोटमूळ असतं, बाजूची तंतुमुळं अगदी थोडी. आमच्या वडिलांनी एक रोप हंडीसकट जपून हलवलं, तरी ते वर्षभर पान काढायला तयार नव्हतं. मार्चच्या उन्हात मुळं उघडी केलीत तर आठवड्यात जाईल.

बागवेडा | १५ मार्च, दुपारी ३:४१
खारट मातीत ठेवून तरी कुठे जगणार आहे? मी डाळिंबाची शेकडो रोपं हलवली आहेत.

डेक्कन_ट्रॅप | १५ मार्च, दुपारी ३:५०
माती बदलायची नाही, जागेवरच धुवायची. पिशवी साधारण २० लिटरची आहे. तिच्या दुप्पट-तिप्पट मऊ पाणी, म्हणजे ४० ते ६० लिटर, हळूहळू वरून सोडायचं आणि खालून पूर्ण वाहू द्यायचं. एका दमात नाही, दोन-तीन तासांत. धरणाचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी मऊ असतं. नात्यात कोणाकडे असेल तर कॅन भरून आणा. रोजच्यासाठी एसीच्या नळीचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळपास नसतात.

गच्चीतली_माती | १७ मार्च, रात्री ८:३०
मीटर आणला. नळाचं पाणी ७२०. आरओच्या बादलीतलं १०५०. पिशवीच्या खालून जे निघालं ते २४००! आकडा पाहून हात थरथरले, मी स्वतःच्या हाताने हे घालत होते. भावाकडून धरणाच्या पाण्याचे तीन कॅन आणले, दुपारभर थोडं थोडं सोडलं. शेवटी ५८० वर आलं. आता पुढे? आणि फळ कधी धरेल? नर्सरीवाल्याने तीन वर्षं सांगितली होती.

डेक्कन_ट्रॅप | १७ मार्च, रात्री ९:००
दहा दिवसांनी आणखी एकदा धुवा. जळलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. नवी पालवी कशी येते ते बघा. तीन वर्षांत फळ येणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मनाजोगती हवा मिळाली तरी बीपासूनच्या झाडाला आठ-दहा वर्षं लागतात, कुंडीत आणखी. शिवाय पुण्याच्या थंडीत ते वाढायचंच थांबतं.

कुंडीवाली | १७ मार्च, रात्री ९:२५
ताई, एवढी वर्षं थांबण्यापेक्षा चिकू किंवा पेरू का लावत नाही? मँगोस्टीन बाजारात मिळतं की.

गच्चीतली_माती | १७ मार्च, रात्री १०:१५
हे आधी लिहायला हवं होतं. बाबा सैन्यात होते. मी लहान असताना आम्ही निलगिरीत वेलिंग्टनला होतो. मेट्टुपालयमहून कुन्नूरचा घाट चढताना बर्लियारला गाडी थांबायची आणि बाबा मँगोस्टीन घ्यायचे. आई आमच्या फ्रॉकवर वर्तमानपत्र पांघरायची, डागांसाठी. आई गेली. बाबा ७९ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले, एक झाड लावूया. रोप त्यांनीच निवडलं. त्यांना फळाचं विचारलं की म्हणतात, फळ काय, पान तर दिसतंय ना. पानंच जळायला लागली म्हणून माझा जीव खालीवर होतोय.

रातांबा | १७ मार्च, रात्री १०:५०
ताई, परकं फळ म्हणून बोललो ते मनावर घेऊ नका. बर्लियार आणि कल्लारच्या बागा जुन्या, हे झाड त्या घाटात कधीच रुळलंय. कोकमाचं एक कलम मात्र माझ्याकडून घ्या, मादीचं, खात्रीचं. शेजारी ठेवा, भावाला सोबत.

चांगीची_पहाट | १८ मार्च, सकाळी ७:१०
केरळचं फळ पावसाळ्यात पुण्याच्या बाजारात येतं. बाबांना ते नक्की आणा. झाड आपल्या गतीने वाढू दे.

नवा_माळी | २ एप्रिल, दुपारी ४:००
या धाग्यावर जाणकार आहेत म्हणून विचारतो. अ‍ॅव्होकाडोची बी पाण्यात ठेवून दीड महिना झाला, मूळ आलंय पण कोंब नाही. काय करू?

कुंडीवाली | २ एप्रिल, दुपारी ४:२५
वेगळा धागा काढा, सांगते.

गच्चीतली_माती | २६ जून, सकाळी ७:४५
पाऊस सुरू झाला. गच्चीच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचं पिंप लावलंय, पहिल्या दोन सरी वाहू दिल्या आणि मग साठवलं. पाण्याचा टीडीएस १८. आणि परवा नवी जोडी फुटली! तांबूस, चकचकीत, दोन्ही टोकं शाबूत. बाबा रोज चहा घेऊन तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात, पट्टीने मोजतात, कॅलेंडरवर लिहितात. आरओचं पाणी आता फरशी पुसायला आणि जास्वंदीला, जास्वंदीलाही एक दिवसाआड. बाबा विचारतायत, सोटमूळ खोल जातं तर पुढची कुंडी केवढी घ्यायची आणि कधी हलवायचं?

डेक्कन_ट्रॅप | २६ जून, सकाळी ९:१०
पट्टीचे आकडे इथेही लिहीत जा. ही जोडी पूर्ण हिरवी आणि कडक होऊ द्या, पण पाऊस असेपर्यंत हलवून टाका. रुंदीपेक्षा खोली बघा, निदान दोन फूट. तळाला भरपूर भोकं. नवी माती लाल मातीची, धुतलेलं कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत मिसळून. ग्रोबॅग ओढून काढू नका. आधी बूड कात्रीने कापा, पिशवी नव्या कुंडीत उभी करा, मग बाजू कापून अलगद काढा, म्हणजे मातीचा गोळा फुटणार नाही. खत ऑगस्टपर्यंत नको. पिंपावर कापड बांधा, डास होतील. ते पाणी ऑक्टोबरसाठी राखून ठेवा, तेव्हाच खरी गरज लागते.

पोफळीची_सावली | २६ जून, सकाळी ९:३५
हलवताना बाबांना बुंधा धरायला सांगा. एकाने धरलेला लागतोच.