९ मिमी रीलोडिंग: क्रिम्प आवळूनही गोळी सैलच

प्रश्न
अमेरिकेत घरी ९ मिमी ल्यूगर पिस्तुलाची काडतुसं रीलोड करतो, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरतो. शिशावर तांब्याचा मुलामा असलेली ११५ ग्रेन वजनाची गोळी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या. गोळी बसवणं आणि क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं) एकाच डायमध्ये, म्हणजे प्रेसमधल्या साच्यात. तयार काडतूस टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्याने दाबलं की गोळी आत सरकते. म्हणून डाय पाव फेरा खाली घेतली. आता पुंगळीचं तोंड ०.३७२ इंच भरतंय, तरी तेच. अजून आवळू का?

प्रतिसाद १
आवळू नका, उलट सैल करा. ९ मिमीमध्ये गोळी धरून ठेवते ती पुंगळीच्या भिंतीची पकड. टेपर क्रिम्पने (कड आत न वळवता हलक्या उताराने आवळून) फक्त रुंदावलेलं तोंड परत सरळ करायचं असतं, ०.३७८ ते ०.३८० इंच आलं की थांबायचं. ०.३७२ला शिसं दबतं ते दबलेलंच राहतं, पितळ मात्र थोडं परत उसळतं आणि पकड जाते. एक काडतूस इनर्शिया पुलरने (आपटून गोळी बाहेर काढणाऱ्या हातोड्याने) उघडून बघा, गोळीवर खोल कडं उमटलेलं असेल, कदाचित मुलामाही कापला गेला असेल. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) तोंडाच्या कडेवरच टेकतं; कड आत वळली तर ते नको तितकं खोल जातं.

झालेली काडतुसं झाडू नका, सगळी उघडा. मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना गोळी आत ढकलली गेली तर दाब धोकादायक वाढतो.

प्रतिसाद २
मूळ दोष बहुधा क्रिम्पच्या आधीच्या पायरीत आहे. साइझिंगनंतर (फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला आणल्यावर) आणि एक्सपांडरनंतर (तोंड किंचित रुंदावणारा दांडा) पुंगळीचा आतला व्यास मोजा. गोळी ०.३५५ची, तर आतून दोन-तीन थाउ (इंचाचे हजारांश) कमी हवा. एक्सपांडरनंतरच वाढत असेल तर तो जाड आहे किंवा फार खोल जातोय. साइझिंगनंतरच सैल असेल तर डाय शेलहोल्डरला (पुंगळीचा बूड धरणारा भाग) टेकतेय का बघा. ठरावीक हेडस्टॅम्पच्या (बुडावरच्या कंपनीच्या छापाच्या) पुंगळ्याच सैल निघत असतील तर भिंत पातळ आहे, त्या बाजूला काढा.

क्रिम्पसाठी वेगळी डाय घ्या. एकाच डायमध्ये गोळी अजून खाली जात असतानाच तोंड आवळायला लागतं आणि मुलामा खरवडला जातो. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू नसलेलं डमी काडतूस घालून रॅम (प्रेसचा पुंगळी वर नेणारा दांडा) पूर्ण वर घ्या, डाय पुंगळीला टेकेपर्यंत फिरवा, मग अष्टमांश फेऱ्याने खाली घेत दर वेळी मोजा. शेवटी तेच डमी काढलेल्या बॅरलमध्ये सोडा: टक् असा आवाज यावा, बोटाने गोल फिरावं, बॅरल उलटी केली की आपोआप पडावं.

प्रतिसाद ३
०.३७८ ते ०.३८०चं हे मोजमाप .३८ स्पेशल किंवा .३५७ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना लावू नका. तिथे टेकतो तो रिम (बुडाची बाहेर आलेली कड), आणि गोळीच्या खाचेत रोल क्रिम्प, म्हणजे कड आत वळवणारा क्रिम्प, लागतो. सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या कापा, नाहीतर लांब पुंगळीला जास्त क्रिम्प बसून ती फुगते आणि आखूड सैल राहते. भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथे परवान्याशिवाय काडतुसं भरणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये तपासायचं तर सहापैकी पाच झाडा आणि सहाव्याची लांबी आधीच्या मापाशी ताडा. वाढली असेल तर धक्क्याने गोळी पुढे सरकतेय. अजून थोडी सरकली की सिलिंडर अडकतो.