घरात पाणी शिरलं, भिंती ओलावल्या : दुरुस्तीला कोणाला बोलावलंत? (अनुभव धागा)

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतर 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण-महाड, 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी. पूर ओसरल्यावर घर पुन्हा राहण्याजोगं कसं करायचं, हे मात्र ज्याचं त्याला शोधावं लागतं. वायरमन, गवंडी, वॉटरप्रूफिंगवाला, रंगारी, विम्याचा सर्व्हेयर अशी किती तरी माणसं घरात येतात. त्यात जाणकार कोण आणि घाईघाईने वर्षभरापुरती मलमपट्टी करणारा कोण, हे आपल्याला अनुभवानेच कळतं. तो अनुभव इथे लिहा. पूरच हवा असं नाही, वरच्या मजल्यावरून गळणारं बाथरूमही चालेल. कोणाला बोलावलंत, त्यांनी आधी काय तपासलं, पैसे कसे ठरले, हे आवर्जून लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

चिपळूण

22 जुलै 2021. वाशिष्ठी नदीचं पाणी तळमजल्यावरच्या खिडक्यांच्या वर गेलं होतं. घर जांभ्याचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पाणी उतरलं तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. पहिली गोष्ट सांगते, गाळ ओला असतानाच काढा. वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. बाहेरगावची पोरं प्रेशर पंप घेऊन मदतीला आली होती, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. फक्त पंपाचा झोत जांभ्याच्या सांध्यांवर सरळ मारू देऊ नका, दर्जा (सांध्यांतला भराव) निघून येतात.

वायरमन दोन आले. पहिला म्हणाला, "बोर्ड उन्हात वाळवू, चालू होईल." दुसऱ्याने मेन बंद असल्याची खात्री केली आणि एक बोर्ड उघडून दाखवला. आत स्विचच्या मागे गाळाची वडी थापल्यासारखी बसली होती. त्याने सगळे स्विच, सॉकेट आणि एमसीबी बदलायला लावले, पाइपांतल्या वायरी ओढून मेगर (वायरीतून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र) लावून तपासल्या आणि अर्थिंग बघितल्यावरच मीटरकडून लाइन घेतली. खर्च जास्त झाला, पण मुलं भिंतीला हात लावत होती तेव्हा जिवाला घोर नव्हता.

रंगाऱ्यांचंही तसंच. एक जण गणपतीच्या आत घर चकाचक करून देतो म्हणाला. दुसऱ्या, वयस्कर रंगाऱ्याने भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. "वहिनी, भिंत अजून पाणी सोडतेय. आता पुट्टी लावली तर होळीपर्यंत पोपडे निघतील." त्या वर्षी गणपती बिनरंगाच्या भिंतींसमोर बसले. रंग थंडी सरताना दिला, तो आजही टिकून आहे.

डोंबिवली

आमच्याकडे पूर नाही, वरच्या घराचं बाथरूम. बेडरूमच्या छताला ओल, मग बुरशी, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. सोसायटीत वाद असा की खर्च कोणाचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती ही संस्थेची जबाबदारी. दोन घरांमधली बाथरूमची गळती त्या सभासदांनी आपल्या खर्चाने निस्तरायची. म्हणून पाणी नेमकं कुठून येतंय हे सिद्ध झाल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही.

आधी आलेल्या माणसाने न तपासताच सगळ्या टाइल्स फोडायचा अंदाज दिला. नंतर आलेल्याने पद्धतशीर काम केलं. वरच्यांचे सगळे नळ बंद ठेवून पाण्याच्या लाइनला प्रेशर गेज लावलं. काटा जागचा हलला नाही, म्हणजे पाइप ठीक. मग नहाणी ट्रॅपचं (जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून बाथरूमच्या जमिनीवर रंगीत पाणी साठवलं, आमच्या छतावर काही उतरलं नाही. शेवटी ट्रॅप उघडून तेच पाणी सोडलं आणि थोड्या वेळाने आमच्या स्लॅबला गुलाबी डाग दिसला. दोष ट्रॅपच्या जोडात होता. तेवढाच भाग फोडला, ट्रॅप बदलला, कडेने वॉटरप्रूफिंग केलं. वरच्या काकांनी स्वतः उभं राहून हे बघितलं, त्यामुळे पैशांवरून पुढे शब्दाला शब्द लागला नाही.

नाशिक (मी स्वतः या धंद्यात होतो, साइट सुपरवायझर)

डोंबिवलीच्या ताईंनी लिहिलेला क्रम अगदी बरोबर. एक भर घालतो. काम झाल्यावर पाणी साठवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गच्ची असो की बाथरूम, वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर आणि वरच्या फरशा बसवण्याआधी निदान 48 तास पाणी उभं ठेवायचं आणि खालून बघायचं. कोटेशनमध्ये "केमिकल वॉटरप्रूफिंग" एवढे दोनच शब्द असतील तर परत पाठवा. कोणतं मटेरियल, किती कोट, कोपऱ्यात वाटा (भिंत-जमिनीच्या सांध्याची गोलाई) किती इंचांचा, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी काय करणार, हे लिहून मागा. दहा वर्षांची गॅरंटी तोंडी सगळेच देतात. ती लेटरहेडवर, कोणत्या जागेसाठी आणि गळल्यास काय करून देणार हे लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावी. आणि भर पावसात गच्चीवर मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) टाकतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या. ओल्या कोब्यावर ते चिकटत नाही.

सांगली

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात पाणी बरेच दिवस तुंबून होतं. आमची अडचण भिंतींपेक्षा जमिनीची. खाली काळी माती. ती पाण्याने फुगते, वाळताना आक्रसते. हॉलची फरशी एका कोपऱ्यात बसली. ठेकेदार म्हणाला, वरून नवीन टाइल्स मारू. नात्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअर दादांनी थांबवलं. फरशी उचलून काळी माती काढली, मुरूम थरांथरांनी भरून धुमसला, मग पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि टाइल्स. ज्यांनी वरून मारल्या त्या शेजाऱ्यांच्या टाइल्स पोकळ वाजतात.

स्वच्छतेबद्दल एक कळकळीचं सांगणं. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव घुसमटतो. मजूर आणाल तर त्यांना रबरी बूट आणि हातमोजे तुम्हीच द्या. गाळात काचा असतात, पायाच्या जखमांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो.

पुणे

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दिसला आणि तो कळवला, तर रेरा (घरखरेदीदारांच्या हक्कांचा) कायद्याच्या कलम 14 नुसार बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. बाहेरच्या भिंतीतून पाणी येत होतं. आम्ही स्वखर्चाने कोणाला बोलावण्याआधी फोटोंसह ईमेल केला, आणि काम बिल्डरकडूनच झालं.

ह्यूस्टन

2017 चं हार्वी वादळ. इकडची घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या. पाणी दिसतं त्याच्या कितीतरी वर चढलेलं असतं. साचलेल्या घरात दिवसा-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, त्यामुळे इथे वाळवणं हाच स्वतंत्र व्यवसाय आहे. माणसं आली, आर्द्रता मोजायचं यंत्र भिंतीला टेकवत ओल कुठवर आहे ते पेन्सिलने आखत गेली, आणि त्याच्या वरून भिंत कापली. भिंतीतला उष्णता अडवणारा ओला कापूस काढून टाकला. मग मोठे पंखे आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारी यंत्रं) रात्रंदिवस चालू. रोज येऊन आकडे लिहून जायचे. लाकूड पुरेसं वाळल्याचा आकडा दिसेपर्यंत नवी भिंत लावायला त्यांनी नकार दिला, याचं मला फार बरं वाटलं.

अशा वेळी दारोदार फिरणारे परराज्यातले ठेकेदारही येतात. आगाऊ रक्कम मागतात, विम्याचे हक्क त्यांच्या नावे करणारे कागद पुढे करतात. तिथे सही करू नये. नेहमीच्या घराच्या विम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते आणि घेतल्यावर ती लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात. ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

ठाणे

भारतातल्या विम्याचं सांगतो. एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ठरवून दिलेली पॉलिसी आहे. पूर, वादळ आणि टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं. हळूहळू झिरपणारी ओल येत नाही. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत सामान फेकू नका. सडायला लागलेलं फेकावंच लागलं तर पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा. दुरुस्तीवाल्याकडून जीएसटीचं बिल घ्या, चिठ्ठीवरचा हिशेब चालत नाही.

म्हापसा

जुन्या मातीच्या किंवा जांभ्याच्या घराला सिमेंटचं प्लास्टर करू नका, एवढंच मला सांगायचंय. आमच्या भिंतीला खालून लोणा (ओलीबरोबर चढणारे क्षार) लागायचा. ओल थांबावी म्हणून आधीच्या मालकांनी सिमेंट मारून घेतलं होतं. ओल आत कोंडली आणि खिडकीच्या उंचीपर्यंत चढली. जुन्या घरांची कामं करणारे मेस्त (गवंडी) पणजीकडून आणले. त्यांनी सिमेंट खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली, बाहेरची माती जोत्याच्या खाली उतरवली, पागोळ्यांचं पाणी लांब न्यायला गटार काढलं, मग चुन्याचा गिलावा केला. चुना कालवून मुरत ठेवला होता, घाई नाही. मजुरी जास्त पडली. भिंत आता श्वास घेते, क्षार दिसले तर ब्रशने झाडून टाकतो.

कोल्हापूर

चिपळूणच्या ताई, तुमच्या वायरमनने मेगर लावून प्रत्येक खोलीची लाइन वेगळी तपासली की एकदमच? पंचगंगेकाठच्या आमच्या घरात मीटरपर्यंत पाणी आलं होतं. वायरिंग बदललंय, पण ओल्या दिवसांत आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अजून पडतो. वायरमन म्हणतो, तोच काढून टाकू. मी काढू दिलेला नाही.

चिपळूण

अजिबात काढू देऊ नका! गळती आहे म्हणूनच तो पडतो. आमच्याकडे प्रत्येक लाइन सुटी करून तपासली होती. त्यात मोरीतल्या गिझरची लाइन खराब निघाली. भिंतीतल्या पाइपात पाणी राहिलं होतं. तुम्हीही गिझर आणि अंगणातल्या दिव्याची लाइन आधी बघायला सांगा.