माशांची अ‍ॅलर्जी असताना 'मरीन' क्रीम वापरावे का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला माशांची अ‍ॅलर्जी आहे. मासा खाण्यात आला की तिच्या अंगावर गांधी उठतात. तिची त्वचा अतिशय कोरडी असल्यामुळे तिला एका मैत्रिणीने समुद्रजन्य घटकांचे क्रीम सुचवले आहे. तिने ते लावण्यापूर्वी मी डबीवरील घटकांची यादी बारकाईने वाचली आणि माझी काळजी वाढली.

यादीत पाण्यानंतर लगेच हायड्रोलाइज्ड कोलॅजेन आहे आणि ते माशांच्या कातडीपासून काढल्याचे डबीवरच छापले आहे. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक) असतो, तर निरोगी त्वचेतून आत शिरू शकणाऱ्या रेणूंची मर्यादा साधारण ५०० डाल्टन मानली जाते. त्यामुळे ते वरच राहून ओलावा धरून ठेवते, हे मला पटते. परंतु हायड्रोलाइज्ड म्हणजे त्याचे तुकडे केलेले असतात, आणि बहिणीची त्वचा तर बोटांच्या सांध्यांवर भेगाळलेली आहे. माशांमधील मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन असले, तरी काही जणांना माशांच्या कोलॅजेनचीही अ‍ॅलर्जी असते. म्हणूनच 'यात फक्त शुद्ध कोलॅजेन आहे' या विक्रेत्याच्या उत्तराने माझे समाधान झाले नाही.

पुढे स्क्वालेन आहे. ते शार्कच्या यकृतातील तेलापासून बनते, तसेच ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनते, आणि यादीत नाव मात्र एकच असते. शुद्ध स्क्वालेनमध्ये प्रथिन नसते, त्यामुळे इथे अ‍ॅलर्जीपेक्षा शार्कच्या जिवाचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

झाकणावर ज्याचे मोठे चित्र आहे, तो समुद्रशेवाळाचा अर्क यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली आहे. या परिरक्षकाला (क्रीम खराब होऊ न देणाऱ्या घटकाला) युरोपीय नियमांत १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे आणि यादीत घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे अर्क त्याहून अधिक नसावा, असा माझा अंदाज आहे.

त्वचारोगतज्ज्ञ, रसायनशास्त्राचे अभ्यासक किंवा अशी अ‍ॅलर्जी असलेल्यांनी कृपया सांगावे: भेगाळलेल्या त्वचेवर माशांचे कोलॅजेन लावणे कितपत धोक्याचे आहे? स्क्वालेनचा स्रोत जाणून घेण्यासाठी उत्पादकाकडे नेमके कोणते कागदपत्र मागावे? आणि घरी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे क्रीम लावून पाहणे अशा अ‍ॅलर्जीत सुरक्षित आहे, की ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी?